पार्ल्यात पिस्तूल घेताना

विलेपार्ले पूर्वेला कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की दोन मंजुऱ्या लागतात. एक घरच्यांची आणि एक बिल्डिंगची. घरच्यांची मिळते. बिल्डिंगचं काही सांगता येत नाही. मिक्सर घ्या, गादी घ्या, कानाचं यंत्र घ्या, जिन्यात भेटणारा पहिला माणूस "केवढ्याला पडलं?" असं विचारतो आणि आकडा ऐकून क्षणभर गप्प बसतो. तेवढ्यात तुम्ही फसलात की नाही याचा निकाल लागलेला असतो. आकडा मोठा असेल तर "माझ्या मेहुण्याने हेच दादरला..." आणि लहान असेल तर "टिकतंय का बघा हं." तिसरी प्रतिक्रिया माझ्या ऐकण्यात नाही.

अशा वस्तीत, हनुमान रोडजवळच्या आमच्या तीन मजली इमारतीत, एका चौदा वर्षांच्या मुलीला पिस्तूल हवंसं झालं.

घाबरू नका. एअर पिस्तूल. हवेच्या दाबावर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सोडणारं, दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडणारं, ऑलिंपिकमध्ये चालणारं. मुलगी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची नात. काका बँकेतून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य कर्जखात्यात गेल्यामुळे समोरचा माणूस तारण न देता पैसे मागायला आलाय, असं धरूनच ते बोलायला सुरुवात करतात. त्यात समोर नात असली तर आवाज मऊ होतो, पण तारण सुटत नाही.

मुलीचा दोष नाही, दोष पॅरिसचा. २८ जुलै २०२४ रोजी मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवलं, दोन दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक प्रकारात आणखी एक, आणि १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या, मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलीत तिसरं. पाच दिवसांत तीन पदकं आणि तिन्ही नेमबाजीची. त्याआधी लंडन २०१२ नंतर रिओ आणि टोकियो या दोन्ही ऑलिंपिकमधून आपले नेमबाज रिकाम्या हाताने परतले होते. बारा वर्षांचा दुष्काळ एका आठवड्यात संपल्यावर घरोघरच्या मुलांनी एक डोळा मिटायला सुरुवात केली तर नवल नाही.

तसं मराठी माणसाला नेमबाजीचं वावडं नाही. अंजली भागवत सिडनीच्या अंतिम फेरीत पोचल्या, सुमा शिरूर अथेन्सच्या. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. पण ही सगळी रायफलवाली मंडळी. पिस्तुलात आपलं नाव कोल्हापूरच्या राही सरनोबतने केलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात तिने सुवर्ण जिंकलं; नेमबाजीत आशियाई सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. हे सगळं नातीने आजोबांना सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "केवढ्याला पडतं?"

इथून खरी गोष्ट सुरू होते.

त्याच सुमारास देशभर एक वार्ता फिरत होती की मनूचं पिस्तूल एक कोटीचं आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती सकाळी सहा वाजता, गुलाबाच्या फुलासकट आली. एक कोटी म्हटल्यावर इमारतीत शांतता पसरली. रीडेव्हलपमेंटच्या बिल्डरने देऊ केलेला कॉर्पस फंड आणि हे पिस्तूल यांची मनातल्या मनात सगळ्यांनी तुलना केली. पुढे मनूनेच खुलासा केला की कोटी वगैरे काही नाही, दीड लाख ते एक लाख पंच्याऐंशी हजार, नवं की जुनं, कोणतं मॉडेल यावर अवलंबून. आणि खेळाडू एका पातळीला पोचला की कंपन्या पिस्तूल फुकटही देतात. झालं. कोटीवरून दीड लाखावर आल्यामुळे पिस्तूल एकदम परवडण्यासारखं वाटू लागलं. साडीच्या दुकानात आधी पैठणी उलगडून दाखवतात ती याचसाठी.

आणि घरात दोन पक्ष पडले.

स्वस्त पक्षाचे नेते काका. त्यांचा मुद्दा एकच, आणि तो स्वयंपाकघराच्या वर होता. "माळ्यावर बघ," ते मुलाला म्हणाले. माळ्यावर स्केट्स होते, एक पट्टी दाबली की दोन स्वर वाजणारा कीबोर्ड होता, कराटेचा पांढरा पट्टा होता, बुद्धिबळाचं घड्याळ होतं आणि प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलातल्या पोहण्याच्या शिबिराचा गॉगल होता. हे सगळं नातीचं नव्हतं. निम्मं तिच्या बापाचं होतं. काकांनी तो भाग मुद्दाम ठळक केला. त्यांच्या मते छंद हे अनुत्पादक कर्ज असतं. सुरुवातीला हप्ते वेळेवर येतात.

महाग पक्षाचे नेते चिरंजीव. पवईला कॉम्प्युटर कंपनीत. त्यांचं घोषवाक्य हिंदी होतं, महँगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार. घोषवाक्य परक्या भाषेत असलं की घरात त्याला वजन येतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गगन नारंगचं उदाहरण दिलं. त्याच्या आई-वडिलांनी रायफल घेण्यासाठी जमीन विकली, आणि पोराने २०१२ ला लंडनमध्ये कांस्य आणलं.

"त्यांनी जमीन विकली," काका म्हणाले. "तुझ्या नावावर पार्किंगची जागासुद्धा नाही."

सूनबाई तटस्थ होत्या. त्यांचा प्रश्न होता, ठेवायचं कुठे? कुलूप असलेलं एकच कपाट आणि त्यात आजींच्या साड्या. आजींना किमतीशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "खंडेनवमीला पूजेत मांडायचं ना गं?" गेली कित्येक वर्षं त्यांच्या पूजेत विळी, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर आणि अलीकडे मुलाचा लॅपटॉप एवढीच शस्त्रं असायची. लॅपटॉपला हळदकुंकू वाहताना त्यांचं मन कधी भरलं नव्हतं. घरात खरं शस्त्र येणार म्हटल्यावर त्या नातीच्या बाजूच्या झाल्या, आणि तेही महाग शस्त्राच्या. देवापुढे हलकी वस्तू मांडणं त्यांना पटत नाही.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांना बायलॉजमध्ये पिस्तुलाची तरतूद सापडत नव्हती. कुत्रा पाळण्याची होती, टेरेसवर पापड वाळवण्याची होती. कायदा मात्र स्पष्ट आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पॉइंट १७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर गनला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेतो, नोंद ठेवतो. स्पर्धेचं एअर पिस्तूल या मर्यादेच्या खूपच आत असतं. सेक्रेटरींनी हे ऐकून घेतलं आणि तरीही एक अर्ज मागितला. "फाइलला असू दे."

शेवटी ठरलं की आधी रेंजवर जाऊन माहिती काढायची. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे हे सगळ्यांना ऐकून ठाऊक होतं, पण पार्लेकराला वांद्र्याच्या खाडीपलीकडे जायचं तर सबळ कारण लागतं. उपनगरातच एका छोट्या क्लबची चौकशी लागली. मोहिमेवर काका, चिरंजीव, नात आणि साक्षीदार म्हणून मी.

तिथल्या सरांनी टेबलावर दोन पिस्तुलं ठेवली. पहिलं रशियातल्या इझेव्स्कचं, बायकाल ब्रँडचं. काळं, लांब, दिसायला सरकारी. नळीखाली एक लांब दांडा. तो दांडा बाहेर ओढून परत मिटवला की एका नेमापुरती हवा भरली जाते. प्रत्येक गोळीला एकदा. सिलिंडर नको, पंप नको, पैसे नकोत. काकांचा चेहरा उजळला. दुसरं युरोपातल्या बड्या कंपनीचं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, नळीखाली चकचकीत सिलिंडर आणि इतके स्क्रू की चिरंजीवांचा चेहरा उजळला.

"यातलं अचूक कोणतं?" चिरंजीवांनी विचारलं.

सर म्हणाले, "दोन्ही."

हे उत्तर दोन्ही पक्षांना आवडलं नाही. सरांनी समजावून सांगितलं. दहा मीटरवरच्या एअर पिस्तुलाच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. चांगल्या कंपन्या पिस्तुलाबरोबर कारखान्यातल्या चाचणीचा कागद देतात; शिकंज्यात आवळून मारलेल्या पाच गोळ्यांचं त्यावर जवळजवळ एकच भोक दिसतं. पण तो साधा रशियन दांडेवालाही शिकंज्यात धरला तर दहाच्या वर्तुळाबाहेर जात नाही. "म्हणजे दोन्ही पिस्तुलं तुमच्यापेक्षा चांगला नेम धरतात," सर नातीला म्हणाले. "प्रश्न शिकंजा काढल्यावरचा आहे."

मग शिकंज्याच्या जागी माणसाचा हात आला की काय होतं तेही त्यांनी हिशेबाने दाखवलं. पुढची साइट आणि मागची खाच यांत अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर जरी बाजूला सरकली तरी दहा मीटरवर छर्रा तीन सेंटिमीटर सरकतो. तीन सेंटिमीटर म्हणजे दहाचा सात. काकांनी खिशातून पेन काढून तळहातावर गुणाकार केला आणि मान डोलावली. तो एक मिलिमीटर भरून काढणारं पिस्तूल कोणत्याही किमतीत मिळत नाही, हे त्यांना बेहद्द पसंत पडलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांनी रेंजवर तीनदा म्हटली.

मग पैसे कशाचे? चिरंजीवांच्या या प्रश्नाला सरांनी तीन उत्तरं दिली आणि तिन्ही करून दाखवली.

पहिलं उत्तर चाप. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. स्पर्धेआधी तपासनीस चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवतो आणि पिस्तूल वर उचलतो. वजन उचललं गेलं तर पिस्तूल पास; चाप आधीच सुटला तर बाद. दोन्ही पिस्तुलांनी अर्धा किलो उचललं. फरक होता तो उचलण्याच्या रीतीत. साध्या पिस्तुलाचा चाप मागे येताना किंचित खरखरला, अडला, मग सुटला. महागडा चाप काचेची काडी मोडावी तसा सुटला. त्या खरखरीत नळी केसभर हलते, आणि केसभर म्हणजे काय ते आत्ताच तळहातावर लिहिलेलं होतं.

दुसरं उत्तर हवा. स्पर्धा ६० गोळ्यांची. २०१८ पासून मुलींनाही ६०, आधी ४० होत्या. वेळ सव्वा तास, शिवाय आधी पंधरा मिनिटं तयारीच्या आणि चाचणीच्या गोळ्यांना. दांडेवाल्या पिस्तुलात प्रत्येक वेळी तो दांडा ओढायचा. सरांनी नातीला सलग दहा वेळा ओढायला लावला. दहाव्या वेळी तिने जीभ बाहेर काढली होती. सिलिंडरच्या पिस्तुलात हे श्रम नाहीत. २०० बार दाबाची हवा आत भरलेली असते. पण ती हवा आणायची कुठून? त्यासाठी पाणबुडे वापरतात तसली टाकी. चिरंजीवांनी ती बाल्कनीत ठेवायची तयारी दाखवली. मला त्याच क्षणी वॉचमन दिसू लागला, सगळ्या इमारतीला सांगत, की दुसऱ्या मजल्यावर ऑक्सिजन लागलाय. पुढे सरांनी सिलिंडरवर कोरलेली तारीख दाखवली. या सिलिंडरांना मुदत असते, सर्वसाधारणपणे दहा वर्षं, आणि मुदत उलटलेला सिलिंडर न आणणं ही खेळाडूचीच जबाबदारी. आयुष्यभर मुदतठेवी हाताळलेल्या काकांना त्या परकीय पिस्तुलात प्रथमच काहीतरी आपलं सापडलं. "जुनं घेतलं तर ही तारीख आधी बघायची," त्यांनी स्वतःशीच नोंद केली.

तिसरं उत्तर मूठ, आणि इथे मात्र आम्ही सगळेच गप्प झालो. एअर पिस्तूल एकाच हाताने धरायचं असतं. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. आधार काय तो तळहाताला. म्हणून लाकडाची मूठ तळव्यात, बोटांच्या पेरांत आणि अंगठ्याखाली तंतोतंत बसावी लागते. महागड्या पिस्तुलाला लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांच्या मुठी मिळतात, तळव्याखालची फळी वरखाली करता येते. एवढं करूनही खरे नेमबाज काय करतात? सरांनी स्वतःचं पिस्तूल काढलं. सुंदर अक्रोडाच्या मुठीवर ठिकठिकाणी कानशीने घासल्याच्या खुणा, एका बाजूला लाकडी पुटीचा पिवळट थर, त्यावर पुन्हा पॉलिश पेपरचे ओरखडे. आमच्या सुताराने ही अवस्था एखाद्या कपाटाच्या दाराची केली असती तर त्याचे पैसे कापले असते. दीड लाखाची वस्तू घरी आणायची आणि पहिल्या दिवशी तिला कानस लावायची, या कल्पनेने चिरंजीव पांढरे पडले. काकांनी मात्र कानशीची किंमत विचारली.

मग सरांनी नातीच्या हातात एकेक पिस्तूल दिलं. दांडेवाल्याची मूठ तिच्या हाताला मोठी. तर्जनी चापापर्यंत पोचताना मनगट वळत होतं. महागड्याची मूठ मध्यम मापाची, तीही मोठीच. तेव्हा सरांनी कपाटातून तिसरं काढलं. क्लबचं, जुनं, कुणा मोठ्या झालेल्या मुलीने विकून टाकलेलं. मूठ लहान, एका बाजूने घासलेली. ते तिच्या हातात बसलं आणि बसलेलं आम्हाला दिसलं. कुणी काही सांगायची गरज उरली नाही. त्याची किंमत विचारायचं काकांनाही क्षणभर सुचलं नाही. यावरून क्षणाचं गांभीर्य लक्षात यावं.

पण पक्ष म्हटला की तो सहजासहजी विसर्जित होत नाही. घरी आल्यावर काकांनी तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा फोटो काढला. तोच तो, पॅरिसमध्ये खिशात हात घालून, साधा चष्मा लावून, कसलीही भिंगं-झापडं न लावता मिश्र सांघिक रौप्य जिंकलेला एक्कावन्न वर्षांचा गृहस्थ. काका आरशासमोर खिशात हात घालून उभे राहिले. "बघ. याला काय लागलं? काही नाही."

याला पाच ऑलिंपिक लागली. पॅरिस हे दिकेचचं पाचवं. आणि खिशातला हात ही काही बेफिकिरी नाही. मोकळा हात लोंबकळला की धड हलतं, म्हणून बहुतेक पिस्तूल नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात. जगाने त्याचा खिसा पाहिला, चष्मा पाहिला, टीशर्ट पाहिला. त्याच्या दुसऱ्या हातातलं पिस्तूल कुणी पाहिलं नाही. ते फुटपाथवरचं नव्हतं.

चिरंजीवांना हे ऐकून उभारी आली, तर काकांनी टोकियो काढलं. २५ जुलै २०२१. ऐन पात्रता फेरीत मनूचं पिस्तूल बिघडलं. नामांकित बनावटीचं, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हातातलं. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेला, घड्याळ थांबलं नाही, ती ५७५ गुणांवर बारावी आली. अंतिम फेरी पहिल्या आठांची. "महागडं रडलं ना एकदा?" काका म्हणाले. "आणि तेही ऑलिंपिकमध्ये."

"म्हणून दोन घ्यायला हवीत," चिरंजीव म्हणाले.

काकांनी पाणी मागवलं.

आमच्या इमारतीने या सगळ्यात एक तिसरा विषय काढला तो जागेचा. घरी सराव करायचा तर दहा मीटर सरळ रेषा हवी, म्हणजे जवळजवळ तेहेतीस फूट, आणि लक्ष्याचं केंद्र जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर. पार्ल्यात विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर बंधन, आणि लांबीवर बिल्डरचं. टेप लावून पाहिलं. बेडरूमच्या खिडकीपासून सगळी दारं उघडून मोजत आलो तर टेप ओट्यापाशी संपली आणि लक्ष्य नेमकं आजींच्या डाळीच्या डब्यांवर आलं. तूरडाळीचा डबा दहाच्या वर्तुळात, मसूर आठात. सूनबाईंनी टेप गुंडाळून ठेवली. बरंच झालं. घरात, जाण्यायेण्याच्या वाटेत छर्रा कधीच मारू नये. त्यासाठी रेंज असते.

आणि गंमत अशी की घरच्या सरावाला छर्रा लागतच नाही. नेमबाज ज्याला ड्राय फायरिंग म्हणतात ते पांढऱ्या भिंतीसमोर करायचं असतं. पिस्तूल रिकामं, समोर लक्ष्य नाही, फक्त पुढची साइट, मागची खाच आणि चाप. नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि चाप असा ओढायचा की नाणं पडू नये. मोठमोठे नेमबाज खऱ्या गोळ्यांपेक्षा या खोट्या गोळ्यांवर जास्त वेळ घालवतात. काकांच्या दृष्टीने हा जगातला आदर्श खेळ ठरला. साधन एक रुपया, तोही परत मिळतो.

त्यांनी स्वतः करून पाहिलं. नाणं पडलं. त्याहून अवघड गेलं ते डोळ्यांचं काम. नेम धरताना नजर पुढच्या साइटवर ठेवायची. ती काळी, रेखीव दिसली पाहिजे आणि लक्ष्य धूसर. जे मारायचंय त्याच्याकडे बघायचंच नाही, हे पार्लेकराला पटणं कठीण. इथे माणूस समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर कोणतं कुरिअर आलं ते रेखीव बघतो आणि हातातला चहा धूसर. काकांच्या दुहेरी चष्म्यातून साइटही धूसर आणि भिंतही धूसर. चष्म्याच्या दुकानात आणखी एक आकडा निघाला तो निराळा.

आता इतकं सगळं बघितल्यावर माझं मत विचाराल तर सांगतो. न विचारताही सांगितलं असतं, पार्ल्यात राहतो.

स्वस्त की महाग हा वाद पिस्तुलाचा नसतोच. काका पिस्तूल स्वस्त मागत नव्हते. नात तीन महिन्यांत कंटाळेल यावर ते पैज लावत होते. चिरंजीव महाग मागत नव्हते. आपण ज्या स्केट्सवरून उतरलो तसं मुलीने उतरू नये, म्हणून ते तिच्या पायात किमतीची बेडी घालू पाहत होते. दीड लाखाचं पिस्तूल माळ्यावर टाकायला माणूस धजत नाही, एवढाच त्यांचा हिशेब. म्हणजे एकाला मुलीचा भरवसा नव्हता म्हणून पैसे वाचवायचे होते, आणि दुसऱ्यालाही मुलीचा भरवसा नव्हता म्हणून पैसे घालायचे होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. खरं आहे, पण मोल ठरवायला हौस करणारा सोडून सगळे बसलेले असतात.

नातीला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आबा, मला ते जुनं हवंय. ते हलत नाही."

तेव्हा ज्यांच्या घरी हा प्रश्न उद्या येणार आहे त्यांच्यासाठी सरळ सांगतो. आधी रेंज आणि शिकवणारा माणूस शोधा, आणि पहिले सहा महिने तरी क्लबच्या पिस्तुलावर काढा. या काळात पैसे घालायचे ते छर्ऱ्यांवर, क्लबच्या फीवर आणि पायात घालायच्या सपाट तळाच्या बुटांवर. छर्रे सपाट तोंडाचे, स्पर्धेचेच घ्या. कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. मूल टिकलं तर सेकंडहँड पिस्तूल बघा. नेमबाजीची चांगली पिस्तुलं अनेक वर्षं चालतात आणि त्यांना गिऱ्हाईक मिळतं, त्यामुळे माळ्यावर जायची वेळ आली तरी ते माळ्याऐवजी दुसऱ्या मुलाकडे जाईल. घेताना तीन गोष्टी तपासा, मूठ मुलाच्या हाताला बसते का, चाप खरखरतो का आणि सिलिंडरची मुदत किती उरली आहे. रंग बघू नका. नवशिक्यांच्या काही मॉडेलला नळीवरची रंगीत आवरणं बदलायची सोय असते. दुकानात आईला बरोबर नेलंत तर तास तिथेच जाईल.

नवं, महागडं पिस्तूल घ्यायचा दिवस कोणता हे मुलाच्या बापाने ठरवू नये, आजोबांनी तर नाहीच. ज्या दिवशी सर सांगतील की आता गुण पिस्तुलामुळे अडलेत, हातामुळे नाही, त्या दिवशी घ्या आणि मग हात आखडू नका. तो दिवस बहुतेकांच्या आयुष्यात येत नाही. ज्यांच्या येतो, त्यांना पुढेमागे कंपनी फुकट देते.